डुफीमॅडमचा उजवा हात

बसा इथं, एका बाईची गोष्ट सांगतो. मामपाँग गावच्या डुफीमॅडमची, शिवणवालीची. तिच्या हाताखालून इतक्या पोरी शिकून गेल्या की बाजारात निम्म्या बायकांच्या अंगावर तिचाच टाका दिसायचा.

गेल्या साली अर्धांगाचा झटका आला न् उजवा हात लुळा पडला. मशीन झाकून ठेवलं, ते दुःख तिनं गिळलं. पण आमच्यात डावा हात पुढं करणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. मग ती लग्नाला जाईना, मयताला जाईना. माणसं तुटली तशी बाई वाळत चालली.

अशात बोआतेमा गेली. दुकानाशेजारी टमाटे विकायची, रोज दुपारी दोघी एकाच ताटात जेवायच्या. शनिवारी तिचं कार्य. तिथं रांगेनं बसलेल्या प्रत्येकाशी हात मिळवत जावं लागतं.

सकाळीच पोकुआ दारात हजर. डुफीकडं शिकलेली, आता स्वतःचं दुकान असलेली.

"मॅडम, उठा. काळे कपडे घाला."

"मी नाही येत. कुठला हात देऊ लोकांना?"

"बोआतेमा काय म्हणंल?"

"ती मेलीय."

"मेली म्हणून गप बसंल होय? जितेपणी कधी बसली?"

डुफीला हसू फुटलं, हसता हसता रडू. मग उठली.

मांडवात पोकुआ तिच्या उजव्या अंगाला चिकटून चालली. पहिल्याच खुर्चीवर बोआतेमाचा थोरला भाऊ, रीतीभातीला कडक म्हातारा. डुफीचे पाय थबकले. पोकुआनं आपला उजवा हात पुढं केला.

"नाना, हा मॅडमचाच हात समजा. ह्याला सुई धरायला त्यांनीच शिकवलं. आधी धड बटणसुद्धा लावता येत नव्हतं."

"अजून वाकडंच लावते," डुफी पुटपुटली.

म्हाताऱ्यानं पोकुआचा हात घट्ट धरला, पण बघत राहिला डुफीकडं. "आलीस, बरं केलंस. बायकांत एक खुर्ची तुझ्यासाठीच धरून ठेवलीय."

सगळी रांग तशीच पार पडली.

आता दर शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या कार्याला तिला न्यायला कुणीतरी जुनी पोर येते. मशीनवरचं फडकंही निघालंय. डुफी खुर्चीत बसून सांगते, पोरी कापतात, शिव्या खातात. "देवानं एक हात नेला," ती म्हणते, "पण बाकीचे मी आधीच वाटून ठेवले होते, बरं झालं."

तिकडं गेलात तर एवढं करा. शेजारी जी पोर उभी असेल तिचा हात हातात घ्या, आणि खुशाली मात्र डुफीमॅडमला विचारा.