उरलेली भाकरी

लांडगे बघायला येणारे पाहुणे आमच्या गावातच, घराघरांत उतरतात. गाडी वाट सोडणार नाही, बिळाजवळ कुणी जाणार नाही, हे नियम गावानंच केले. न पाळणाऱ्याला मी, हिंदुराव, तिथल्या तिथं परत धाडतो, मग तो सोलापूरचा केवढाही साहेब असो. लांडग्यानं मेंढी नेली तरी आमच्यात कुणी काठी उचलत नाही. तो त्याचा वाटा.

पाहुणे वाढले, तसं ताटात अन्न उरायला लागलं. उरलेलं उकिरड्यावर फेकायचं नाही, मुक्या जिवाला घालायचं, ही आमची रीत. माझी बायको सोनाबाई रोज दारात भाकरी कुस्करायची. कुत्री जमली, व्याली, माळभर हिंडायला लागली.

काल लांडग्याची तिन्ही पिल्लं बिळाच्या तोंडाशी मेलेली दिसली. मादी त्यांना चाटत होती. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, पिल्लं रोगानं मेलीत आणि तो रोग गावातल्या कुत्र्यांकडून आलाय.

मी तणतणत घरी आलो, सोनाबाईला सगळं सांगितलं आणि कुत्र्यांवर काठी उगारली. कुत्री शेपट्या हलवत तिच्या पायांत घुसली. तिच्या हातात भाकरी तशीच होती.

"म्या पुण्य म्हणून घातलं की वो," ती म्हणाली.

मी काठी खाली टाकली.

तिनं विचारलं, "त्यांची आय अजून तितंच बसलीया का?"

मी नुसती मान डोलावली.