आरेखकसाहेबांचं ओरिजिनल घड्याळ

आपल्या प्रत्येकाच्या कचेरीत एक तरी माणूस असा असतोच, की ज्याला सगळं आधीच माहीत असतं. नवीन यंत्र आलं, त्याला माहीत. नवा नियम निघाला, त्याला तो कालच कळलेला. आपण त्याला मागून हसतो. पण वाचकहो, डॉक्टर काहीतरी समजावून सांगतात, आपल्याला त्यातलं अवाक्षर कळत नाही, आणि तरी "हो, हो" म्हणत आपण मान डोलावतोच ना? मग त्या बिचाऱ्यालाच काय म्हणून हसायचं?

पाणीपुरवठा कार्यालयातले आरेखकसाहेब याच जातकुळीतले. जमिनीखालून जाणाऱ्या नळांचे नकाशे काढण्यात त्यांची बावीस वर्षं गेली. कामाला चोख. त्यांनी आखलेली रेघ केसभरही चुकायची नाही. पण कुणाला काही विचारायची वेळ आली, की त्यांच्या जिभेला कुलूप लागे. विचारलं की माणसाची किंमत कमी होते, अशी त्यांची ठाम समजूत होती. परक्या गावात रस्ता चुकले तर अर्धा तास उन्हात फिरतील, बायकोची बोलणी खातील, पण पानवाल्याला विचारणार नाहीत.

आठ महिन्यांपूर्वी या गृहस्थांना जुन्या मनगटी घड्याळांचा नाद लागला. किल्ली देऊन चालणारी, आपल्या आधीच्या पिढीच्या मनगटावरची घड्याळं. नाद खरा होता, त्यात खोट नव्हती. रात्री जेवणं झाली की एकेक घड्याळ कानाशी धरून ते ऐकत बसत. एवढ्याशा डबीत काय काय चाललं असेल, या कुतूहलाने त्यांना चैन पडत नसे. घड्याळं निवडायची त्यांची रीत मात्र एकच होती. जे जास्त चकचकीत, ते जास्त चांगलं. दुकानदार म्हणाला, "तुम्हाला काय सांगायचं साहेब, तुम्ही जाणकार!" की साहेबांनी मान डोलावलीच. अशी अकरा घड्याळं जमली आणि कचेरीत त्यांना "घड्याळतज्ज्ञ" ही पदवीही मिळाली.

त्याच कचेरीत चौकशीच्या खिडकीवर एक बाई बसत. दिवसभर लोक त्यांना शेकडो गोष्टी विचारत. त्यांचा थोरला भाऊ बसचालक होता आणि पुढच्या शुक्रवारी निवृत्त होणार होता. आईवडिलांमागे त्यानेच बहिणीला लहानाचं मोठं केलं होतं.

"सर, तुमची थोडी मदत हवी होती," एका दुपारी बाई म्हणाल्या. "पहिल्या पगारात दादाने एक घड्याळ घेतलं होतं. पोहायला जाताना काठावर काढून ठेवलं आणि ते गेलं. अजून त्याची आठवण काढतो. पांढरी तबकडी, निळे काटे, आणि खाली सहापाशी सेकंदाचं छोटं वर्तुळ. तसंच एखादं मिळेल का हो? मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून तुम्हाला विचारते."

"त्यात काय मोठंसं!" साहेब म्हणाले.

आणि खरंच चार दिवसांत त्यांनी जुन्या बाजारातून तसं घड्याळ आणलं. तबकडी दुधासारखी पांढरी, बाहेरची धातूची डबी आरशासारखी. बाईंनी साठवलेले पैसे त्यात गेले. "एकदम ओरिजिनल," साहेबांनी बाईंना सांगितलं. "कुणाच्या तरी कपाटात चाळीस वर्षं पडून होतं." हे कपाट त्यांना दुकानदाराने सांगितलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं. नवा पट्टा घालून सोमवारी देतो, असं म्हणून ते घड्याळ घरी घेऊन आले.

मधल्या रविवारी ते एका वाचनालयाच्या माडीवर गेले. तिथे जुन्या घड्याळांचे शौकीन जमतात, असं त्यांनी ऐकलं होतं. आपला माल दाखवून चार माणसांत मान मिळवावा, एवढाच हेतू.

माडीवर लांब टेबलाभोवती सात-आठ माणसं बसली होती. मध्ये पांढरा कपडा अंथरलेला. पण टेबलावर घड्याळांऐवजी आधी पत्र्याच्या लहान डब्या निघाल्या. नवा माणूस आला की प्रत्येक जुन्याने ज्यात आपली फजिती झाली ते पहिलं घड्याळ त्याला दाखवायचं, हा त्या मंडळींचा नियम होता. चांगली घड्याळं त्यानंतर.

एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी दाखवलेल्या घड्याळाच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या झिजलेल्या होत्या. "मीच पॉलिश केलं," ते हसत म्हणाले. "दिवसभर दात घासून देतो ना, हात शिवशिवतात. धातू गेला, आकार गेला. आता कुणाचा बाप आला तरी तो परत येत नाही."

टेबलाच्या टोकाला एक काकू बसल्या होत्या. घड्याळाच्या कारखान्यात तबकड्या छापण्यात त्यांनी सत्तावीस वर्षं काढली होती. त्यांनीही आपली पत्र्याची डबी उघडली. "ही तबकडी मागाहून रंगवलेली आहे. जन्म गेला माझा तबकड्या छापण्यात, आणि मीच फसले. घाईत होते, आणि विचारायची लाज वाटली. सत्तावीस वर्षं त्यातच काढलेल्या बाईने कुणाला विचारायचं?"

सगळे हसले. काकूही हसल्या. साहेबांना मात्र हे अजबच वाटलं. आपली फजिती लोक अशी कपड्यावर मांडून ठेवतात?

मग त्यांनी खिशातून ते घड्याळ काढलं. काकूंनी भिंग त्यांच्या हातात दिलं. "मी काही सांगत नाही. तुम्हीच बघा आणि काय दिसतं ते सांगा."

"सुंदर आहे," साहेब म्हणाले.

"ते दुकानदार सांगेल. तुम्हाला काय दिसतं? तुम्ही काम काय करता?"

"नकाशे काढतो."

"मग नकाशा समजून बघा."

साहेबांनी भिंग डोळ्याला लावलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ते घड्याळाची चमक सोडून रेघा बघत होते. आणि रेघा तर त्यांचं आयुष्य! मिनिटांच्या खुणा मधल्या बिंदूकडे जायला हव्या होत्या, पण चारपासून पुढे त्या तिरक्या पळत होत्या. सेकंदाचं वर्तुळ पुरतं गोलच नव्हतं. सातची रेघ त्या वर्तुळावर चढली होती. अक्षरं एक जाड, एक बारीक. हाताखालच्या कुणी असा नकाशा आणला असता, तर त्यांनी तो तोंडावर फेकला असता.

"हे हाताने रंगवलंय," त्यांचा आवाज खाली गेला.

काकूंनी मागचं झाकण उघडलं. आतलं मशीन डबीपेक्षा लहान होतं. ते हलू नये म्हणून भोवती कागदाची पट्टी कोंबली होती. "मशीन एकाचं, डबी दुसऱ्याची, चेहरा तिसऱ्याचा," त्या म्हणाल्या. "कागद सैल झाला की दोन-तीन महिन्यांत बंद पडेल."

साहेबांचा चेहरा पडला. हे घड्याळ उद्या कुणाला जायचंय, ते त्यांनी सांगून टाकलं. मग जरा सावरून म्हणाले, "पण त्या बसचालकाला कुठे कळणार आहे? बंद पडलं तर जुनं होतं म्हणता येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ खुशाल झाका," काकू शांतपणे म्हणाल्या, "पण तिच्यात दुसऱ्याची वस्तू नको. तुम्हाला ज्याने हे विकलं, त्यानेही हेच म्हटलं असेल, याला कुठे कळणार आहे. आता तुम्ही तेच म्हणताय. अहो, न कळणं हा काही गुन्हा नाही. इथे बसलेल्या एकालाही आधी कळत नव्हतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. पण पुढच्याने ठेच लागलीच नाही असं दाखवलं, तर मागचा शहाणा होणार कसा? तो त्याच दगडावर आपटणार."

साहेबांना फार लाज वाटली. दुकानदाराने फसवलं याची थोडी, आणि त्या कपाटाच्या गोष्टीची जास्त. ते कपाट तर त्यांनी स्वतःच रचलं होतं.

सोमवारी ते चौकशीच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिले. त्यांच्या पुढे तिघे होते. नंबर आला तेव्हा बाई चकित झाल्या. "सर, तुम्ही रांगेत?"

"ताई, ते घड्याळ ओरिजिनल नाही. तुकडे जोडून केलेलं आहे. मला कळत नव्हतं, आणि कळतं असं मी तुम्हाला भासवलं. कपाटाची गोष्टही खोटी. हे तुमचे पैसे."

बाईंनी पैसे हातात घेतले. त्यांचे डोळे भरून आले. "मी दादाला सांगून बसले हो. तो रोज विचारतोय. आता शुक्रवारी काय देऊ मी त्याला?"

"मला माहीत नाही," साहेब म्हणाले. बावीस वर्षांत हे वाक्य त्या कचेरीत कुणी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "पण मी विचारतो. आणि दादांना सगळं मीच सांगतो."

शुक्रवारी निरोपसमारंभ झाल्यावर आगाराच्या फाटकाशी साहेबांनी दादांना सगळं सांगितलं. दादा ऐकत होते. मग म्हणाले, "माझं ते हरवलेलं घड्याळ तरी खरं होतं की नाही, मला कुठे ठाऊक? मीही चकाकी बघूनच घेतलं होतं. ते ओळखतात कसं, एवढं मला दाखवा. आता रविवार काय, सगळेच दिवस मोकळे आहेत."

त्या रविवारी बहीणभाऊ दोघंही माडीवर आले. डब्या उघडल्या. साहेबांनीही आपलं रंगवलेलं घड्याळ कपड्यावर ठेवलं आणि त्यातली एकेक चूक दादांना बोटाने दाखवली. काकूंनी दादांच्या हातात भिंग दिलं, तसे दादा मोठ्याने म्हणाले, "मला यातलं काहीएक कळत नाही. पहिल्यापासून सांगा." लगेच मंडळींतल्या दोघांनी खुर्च्या सरकवून त्यांना मध्ये जागा केली. साहेब बघतच राहिले. जे म्हणायला त्यांना आठ महिने लागले, ते हा माणूस बसल्या बसल्या म्हणून गेला, आणि त्याची किंमत तसूभरही कमी झाली नव्हती.

तीन रविवार दादांनी नुसतं पाहिलं. चौथ्या रविवारी त्यांनी डॉक्टरांकडचं एक घड्याळ पसंत केलं. तबकडी पिवळसर पडलेली, निळे काटे थोडे फिके झालेले, आठच्या आकड्यापाशी एक डाग. मशीन मात्र मूळचं आणि कडा शाबूत.

"दादा, डाग आहे रे त्याला," बहीण पैसे काढता काढता म्हणाली.

"असू दे. त्याचा स्वतःचा आहे," दादा म्हणाले आणि त्यांनी मनगट पुढे केलं. पट्टा बहिणीने बांधला.

मित्रहो, अज्ञान कुणाला चुकलेलं नाही. आपण ते कबूल केलं, तर शिकवायला दहा माणसं पुढे येतात. पण ते लपवलं, तर ते आपल्यापाशी राहत नाही, आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाच्या मनगटावर जाऊन बसतं. म्हणून पुढच्या वेळी मान डोलावण्याआधी एवढंच म्हणून बघा: "मला कळलं नाही, पुन्हा सांगाल का?"