शेवटची ओळ

“साहेब, पुंजारामआबाला दिवस गेले!” वडीगोद्रीच्या केंद्रावरून कचरू फोनवर हसता हसता खोकायला लागला. “रिपोर्टात खाली बराबर लिहून आलंय. आबा इथं मिशीला पीळ देऊन राह्यले!”

जालन्यातल्या त्या खासगी लॅबमध्ये सगळ्यांनी पोट धरून हसून घेतलं. देवानंदने मात्र फोन ठेवून तो रिपोर्ट उघडला.

रक्त-लघवीचे नमुने गोळा करणाऱ्या गावोगावच्या केंद्रांना रिपोर्ट कॉम्प्युटरवर दिसावेत म्हणून सर्व्हरचा प्रोग्राम आठ महिन्यांपूर्वी, २००३ च्या दिवाळीत, त्यानेच लिहिला होता. तेव्हा चारचौघांत केवढी कॉलर ताठ केली होती! आता त्याच प्रोग्रामसमोर बसून तो एकेक ओळ तपासू लागला, आणि चूक सापडली तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली. पाठवण्याआधी सर्व्हर प्रत्येक रिपोर्ट बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या एका ठरावीक जागेत भरून घ्यायचा. नवा रिपोर्ट आखूड असला की आधीच्याचं शेपूट तिथेच राहायचं आणि नव्याला चिकटून जायचं. चाचणीच्या वेळी या पठ्ठ्याने स्वतःचाच रिपोर्ट शंभरदा पाठवला होता. पुढचा-मागचा एकच, मग शेपूट दिसणार कसं?

दुरुस्ती दोन ओळींची होती. नव्याची लांबी मोजायची, तेवढंच पाठवायचं. पण आठ महिन्यांचे रिपोर्ट घरोघर जाऊन पडले होते, आणि तिकडे आकडे कोण वाचतं? सगळे तळाची ओळ वाचतात, डॉक्टरांचा शेरा.

पाठवलेली प्रत आणि मूळ प्रत तो ताडून पाहू लागला. ज्यांना शेराच नव्हता, त्यांच्या रिपोर्टखाली परक्याचा शेरा. अशी एकोणीस नावं निघाली. अकरावं नाव त्याने दोनदा वाचलं.

द्वारकाबाई, मुक्काम मंठा. त्याची आई. साखर दोनशे शहाऐंशी, आणि खाली कुणा दुसऱ्याची ओळ: ‘साखर आटोक्यात. गोळी बंद केली तरी चालेल.’

ती ओळ त्यानेच तिला फोनवर वाचून दाखवली होती. तीन महिन्यांपूर्वी. मोठ्या ऐटीत.

यादी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून, “चूक माझी आहे, सगळ्यांना आत्ताच कळवा,” एवढं तो कसाबसा बोलला. मग त्याने मंठ्याला फोन लावला. घंटी बराच वेळ वाजत राहिली.

“देवा? आज भरदुपारी कसा काय फोन केलास?”

“आई, गोळ्या खातेस का?”

“तूच तर बंद कर म्हन्लास! रिपोर्टाचा कागद देवापाशी ठेवलाय म्या. माझ्या लेकाच्या कंप्युटरचा हाय म्हून सगळ्यायला दाखिवते.”

त्याने डोळे मिटून घेतले. “बरी आहेस ना पण?”

“बरी हाय. पायाला काटा मोडल्ता मागं, जखम भरून न्हाई राह्यली. काळी पडलीय जराशी.”

“दुखतंय का, आई?”

“न्हाई रे,” ती त्याला धीर देत म्हणाली, “बिलकुल न्हाई दुखत.”

साखर फार वाढली की पायाची जाणीवच मरते, हे लॅबमध्ये काम करून देवानंदला ठाऊक होतं. फोनमध्ये ती अजून विचारत होती, “जेवलास का?”