मध्ये खचलेली गादी

अध्यक्ष नेमके कशाचे अध्यक्ष आहेत, असं विचारलं असतं तर गावात दोघांची उत्तरं जुळली नसती. व्यापारी मंडळाचे ते होते, वाचनालयाचे होते, बाग समितीचेही होते. शिवाय दोन संस्था अशा होत्या की त्यांच्यात अध्यक्षांखेरीज दुसरं कोणी उरलंच नव्हतं. पोटापाण्यासाठी गाद्यांचं दुकान होतं, पण तो आता नावापुरता धंदा. खरा धंदा लोकांची भांडणं मिटवण्याचा.

दुकानाच्या मधोमध एक रुंद, नमुन्याची गादी मांडलेली असे. भांडणाऱ्यांनी चपला काढायच्या आणि तिच्या दोन टोकांना बसायचं. अध्यक्ष गल्ल्यामागच्या उंच खुर्चीवर. एकाने बोलायचं, दुसऱ्याने तोवर चहा प्यायचा. कप रिकामा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मग अध्यक्ष बोलायला लागत. ते बोलत असताना दोघे हळूहळू एकमेकांकडे सरकत, खांद्याला खांदा लागे, आणि खांद्याला खांदा लागलेल्या माणसाला शिव्या घालणं जरा जडच जातं. शेवटी अध्यक्ष निकाल देत, "थोडं तुम्ही सरका, थोडं तुम्ही सरका." बिचारे आधीच सरकलेले असत.

खरी गोष्ट अशी की त्या गादीच्या मधल्या स्प्रिंगा बसल्या होत्या. एका गिऱ्हाइकाने चार शब्द सुनावून ती परत आणून टाकली होती. तिच्यावर पहिलं भांडण मिटलं, त्या दिवशी अध्यक्षांनी घरी जाऊन हसत हसत बायकोला सगळं सांगितलं होतं. पुढे सत्कार होत गेले, फोटो छापून आले, तसे ते गादीला विसरले आणि सगळं श्रेय आपल्या जिभेला देऊन मोकळे झाले. बायको विसरली नव्हती.

त्या सकाळी शिंपी आणि न्हावी आले होते. शिंप्याने दुकानापुढे ताडपत्री बांधली आणि न्हाव्याची पाटी तिच्याआड गेली, एवढ्यावरून दोघांचं बोलणं बंद झालेलं. अध्यक्षांनी शेजारधर्मावर चांगलं लांबलचक भाषण दिलं. ताडपत्री थोडी वर घ्यायची, पाटी थोडी पुढे आणायची असं ठरलं, आणि दोघे गादीच्या खळग्यात एकमेकांना टेकून दुसरा चहा पीत होते. तेवढ्यात अध्यक्षांची बायको दुकानात आली.

"डबा ठेव टेबलावर," अध्यक्ष मान वर न करता म्हणाले. "दुपारी बाग समिती आहे, मी उशिरा जेवेन."

"डबा नाही आणला. तक्रार आणलीय."

"ते घरी बोलू."

"घरी तुम्ही म्हणता, घरात कटकट नको, तक्रार असेल तर दुकानात ये. आले."

हे ते म्हणत, रोज म्हणत, बूट काढता काढताच म्हणत. पण म्हणायच्या गोष्टी अशा मनावर घ्यायच्या असतात का?

"कुणाविरुद्ध तक्रार, वहिनी?" न्हाव्याला राहवलं नाही.

"ह्यांच्याविरुद्ध."

शिंपी आणि न्हावी घाईघाईने गादीवरून उठले. निघून मात्र गेले नाहीत. असा खटला सोडून कोण जाईल! अध्यक्षांनी हसून वेळ मारून न्यायचं ठरवलं. गावासमोर बायकोशी हुज्जत घालणं त्यांना शोभलं नसतं. "बस मग," ते गादीकडे हात करून म्हणाले.

"मी नाही बसणार तिथे. ती गादी कशी आहे, मला माहीत आहे." ती खुर्चीकडे वळली. "तुमच्यावर तक्रार आहे, तेव्हा तुम्ही खाली बसा."

"अध्यक्ष, नियम तो नियम," शिंपी म्हणाला आणि न्हाव्याने त्यांच्या हातात चहाचा कप दिला. दोघांचं सकाळपासून पहिल्यांदाच आपणहून एकमत झालं होतं.

अध्यक्ष गादीच्या टोकाला बसले. देह वजनदार, त्यात समोरच्या टोकाला तोलायला कोणी नाही. बघता बघता ते खळग्यात जाऊन पोहोचले. गुडघे हनुवटीशी आले. तिथून त्यांनी बायकोला उंच खुर्चीवर चढताना पाहिलं. खुर्चीची खालची पायरी ती पायाने चाचपत होती.

"डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय," ती म्हणाली. "डॉक्टरांनी तारीख दिली, मंडळाची सभा आली. दुसरी दिली, कारंज्याचं उद्घाटन आलं. तिसऱ्या तारखेला हे कुठे होते, सांगू? नेत्रतपासणी शिबिराची फीत कापत होते. दृष्टीसारखं धन नाही, असं भाषणही केलं. फोटो चांगला आलाय म्हणे. मला काही दिसला नाही."

अध्यक्षांनी तोंड उघडलं. शिंप्याने कपाकडे बोट दाखवलं.

त्यांना आठवलं, हल्ली घरी चहा कपात कमी आणि बशीत जास्त येत होता. आपण त्यावर विनोद केले होते. पाहुण्यांसमोरसुद्धा केले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि ती लपवायला त्यांनी उरलेला चहा एका दमात संपवला.

"मुलगी येते म्हणाली होती ना तुझ्यासोबत?"

"मुलगी येईल. पिशवी धरायला, औषधं आणायला ती पुरेशी आहे. मला भीती वाटते हो. आत नेतील तेव्हा बाहेर तुम्ही बसलेले असलात, तर कमी वाटेल. आता शुक्रवारची तारीख आहे. एवढंच माझं म्हणणं."

शुक्रवारी वाचनालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. कोनशिलेवर नाव कोरून झालं होतं. अध्यक्ष सवयीने म्हणायला गेले, थोडं तू सरक, थोडं मी... आणि थांबले. ती तीनदा सरकली होती. आता सरकायला तिच्याकडे जागा कुठे होती?

"मी येतो शुक्रवारी," ते म्हणाले. "फीत दुसरं कोणीतरी कापेल."

"कोण?"

"कुणीही. फीत कापायला काय लागतं?" हे वाक्य बोलताना त्यांना जितकं दुखलं, तितकं गेल्या निवडणुकीत पडतानाही दुखलं नव्हतं.

"मी कापतो," न्हावी म्हणाला. "कात्री रोज हातातच असते."

"केस कापायची कात्री! कापडाचं काम आहे ते," शिंपी म्हणाला. "फीत शिंप्यानेच कापावी."

"तू कापणार म्हणजे वाकडीच कापणार. माझी पँट विसरलो नाही मी!"

ताडपत्री, पाटी, सगळं पुन्हा निघालं. बायको खुर्चीवरून उतरून गादीपाशी आली आणि तिने अध्यक्षांना उठवायला हात दिला. ते अर्धे वर आले, तेवढ्यात त्यांच्या कानावर न्हाव्याचा चढलेला आवाज पडला आणि डोळ्यांत नेहमीची चमक आली.

"थांब जरा," ते तिला म्हणाले, "ह्यांचं आधी..."

तिने हात सोडला. अध्यक्ष धप्पकन खळग्यात जाऊन बसले.

शिंपी आणि न्हावी भांडतच राहिले. अध्यक्षांनी तिकडे न बघता बायकोकडे हात वर केला. तिनेही हात पुढे केला, पण भलतीकडेच. गादीवर एवढा जाडजूड माणूस बसलेला, आणि तिचा हात दोन वितींवर हवेत त्याला शोधत होता.

"अगं, इकडे," ते म्हणाले आणि आपला हात तिच्या हातापर्यंत सरकवला.