जास्तीचा चिंचोका

भटूने द्रौपदाबाईचा अंगठा धरला, काजळीत बुडवला आणि कागदावर असा दाबला की जणू चोर सापडलाय.

"हळू ना रे मेल्या. अंगठा शे, पंक्चर नही."

"बोलू नको अक्का. सरकारी काम शे."

शाईचं पॅड गेल्या साली वाळून गेलं होतं. तेव्हापासून भटू चिमणीची काजळी सायकलच्या तेलात कालवायचा. ठसे उमटायचे झकास, पण वाळायचे नाहीत. निंबखेड्याचे अर्ज तालुक्याला पोचेपर्यंत एकमेकांना चिकटलेले असत, आणि तिथला शिपाई गावाचं नाव न वाचताच गाव ओळखायचा.

एक कडुनिंब, एक खोकं, एक पंप आणि पाण्याचं घमेलं, एवढं भटूचं सायकल दुकान. पण नमुना चार बिनचूक भरणारा गावात तोच एक, म्हणून दुपारपर्यंत दुकानाची कचेरी होऊन जायची. नमुना चार म्हणजे रोजगार हमीचा अर्ज. पन्नास नावं भरली तर सरकारला पंधरा दिवसांत गावालगत काम काढावं लागतं. पन्नासाला एक जरी कमी पडलं, तर जिथे काम चालू असेल तिथे जा. यंदाही ते चालू होतं नऊ मैलांवर, डोंगरातल्या रस्त्याचं. द्रौपदाबाईने मागच्या साली तो रस्ता पायाखाली घातला होता. यंदा गुडघा धरलेला आणि घरात लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली. गावात राहायचं तर देवचंद नानाचा मळा होता. तिथे गड्याला पुरी मजुरी आणि बाईला निम्मी. सरकारच्या कामावर माती मोजतात, ती कोणी उचलली ते बघत नाहीत. एवढ्याच एका गोष्टीसाठी द्रौपदाबाई सरकारला बरं म्हणायची.

तिने पदराची गाठ सोडली आणि खोक्यावर चिंचोके ओतले. मजुरांची टोळी ती बारा वर्षं चालवत होती. पाटी-पेन्सिल कधी धरली नाही; एका माणसाला एक चिंचोका, हा तिचा हिशेब. दहा-दहाच्या पाच ओळी मांडून झाल्यावर ती म्हणाली,

"पन्नास. भरना अर्ज."

भटूने कागदावरून बोट फिरवलं. ओठ हलवत, वरून खाली, परत खालून वर.

"एकोणपन्नास."

"मन्हा पन्नास शेतस."

"तुन्हा एक चिंचोका जास्तीना शे." त्याने शेवटच्या ओळीतला एक उचलला आणि गालात टाकला.

"भाजेल नही शे तो."

"चालस."

द्रौपदाबाई उरलेल्या चिंचोक्यांकडे बघत राहिली. ती मोजण्यात कधी चुकली नव्हती. पण कागदापुढे चिंचोक्याचं काही चालत नाही, हे तिला माहीत होतं. तिने एकोणपन्नास परत गाठीत बांधले.

"मंग आते एक कोठून आनू? नानाना सालदार तं अंगठा देवाव नहीत."

"मारुतीले इचारूत का परत?"

"तोंड देख तुन्हं. तुन्हामुळे तं हाई येळ उनी."

हे मात्र खरं होतं. मागच्या खेपेला पन्नासावं माणूस मिळेना म्हणून भटूने मारुतीचं नाव घातलं होतं. वडिलांचं नाव पवन, वय माहीत नाही, धंदा डोंगर उचलणे. अंगठ्याच्या जागी देवाचा शेंदूर. अर्ज सगळी टेबलं फिरून आला आणि त्यावर लाल शाईने शेरा होता: 'सदर इसम मजुरीस पात्र असला तरी उपलब्ध होईल असे वाटत नाही.' गाव आठ दिवस हसलं आणि मग नऊ मैल चालत गेलं. आता तालुक्याचा अव्वल कारकून बुधवारी स्वतः येणार होता. नाव पुकारायचं, माणूस बघायचा, मगच खूण करायची.

"व्हई काहीतरी," भटू म्हणाला. चिंचोका त्याने या गालातून त्या गालात सरकवला. त्याची नजर रस्त्याकडे होती.

रस्त्याने पितांबर येत होता. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. गेली सोळा वर्षं तो धुळ्याला एका कापडगिरणीत साच्यावर होता. दिवाळीला आला तो अजून इथेच. गिरणीत नवी मशिनं बसताहेत, तोवर भरपगारी रजा, असं त्याने पहिल्याच दिवशी पारावर सांगितलं होतं. आता फाल्गुन लागला होता. शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली होती, पण ती जवळून बघितली तरच कळायची, आणि पितांबर हल्ली कोणाच्या फार जवळ उभा राहत नसे.

पंधरा दिवसांपूर्वी भटू ट्यूबा आणायला धुळ्याला गेला होता. धुळ्याहून तो नेहमी आठवडाभर पुरतील एवढ्या गप्पा आणायचा. त्या खेपेला तो गिरणीवरून आला, पण आणल्या फक्त ट्यूबा.

"पितांबर भाऊ, हवा भरू का?"

"सायकल कुठंय माझ्याकडे?"

"मंग बस. हवा खाय."

पितांबर खोक्याच्या कडेला टेकला. द्रौपदाबाई पदर सावरत उठली आणि कडुनिंबापलीकडे उन्हात जाऊन थांबली.

भटूने चिवड्याचा तेलकट कागद उलगडला. "देख, काय छापेल शे. कॅनडा म्हनीसन देश शे. तठे गिरणी बंद पडनी का सरकार मानूसले घरबठ्या पैसा देस. आनि निवडणूक उनी का भांडतस कशावर, तं काम सरकारनी देवानं का मालकनी. आपलाआठे भांडतस ते जातवर."

"वाचलंय मी," पितांबर म्हणाला. वाचलं नव्हतं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "नाव लावायला लागत असेल ना तिथं?"

"लागस तं. रांग ऱ्हास. कोट-टाय घालीसन उभा ऱ्हातस लोक."

पितांबरने बुटाच्या टोकाने एक स्पोक बाजूला सारला.

"ऐक," भटू म्हणाला, "गावनं काम शे. यादीमा एक नाव कमी पडस. तुन्हं घालतो."

"माझं? मी नोकरदार माणूस."

"म्हनीसन तं. तुले काय फरक पडस? बुधवारले साहेब नाव पुकारी, तू हाजर म्हन. घडीभर बेकार व्हय. साहेब गया का तू परत तुन्हा रजावर. नाटक शे रे. लहानपने तू रामलीलामा सीता नव्हता झाया?"

पितांबर हसला. हसणं जरा उशिरा आलं. "कोणी विचारलं तर?"

"सांगू, भटूनी फशाडं. गावले नवं थोडं शे?"

पितांबरने कागद ओढून घेतला. अंगठ्यासाठी पुढे केलेली काजळी त्याने बाजूला सारली, खिशातलं पेन काढलं आणि पूर्ण नाव लिहिलं, वळणदार. भटूने कागद लगेच घडी करून खोक्यात टाकला.

बुधवारी दहाच्या एसटीने कारकून आला. मारुतीच्या ओट्यावर टेबल मांडलं होतं. मारुती मागेच होता, पण या खेपेला त्याचं नाव नव्हतं. कारकुनाने आधी त्याच्याकडेच पाहिलं.

"हे गृहस्थ नाहीत ना यादीत?"

"नही साहेब, त्यासले दुसरीकडे काम लागनं," भटू म्हणाला.

कारकून नाव पुकारत होता. माणूस पुढे येई, हजर म्हणे, बाजूला होई. द्रौपदाबाई खांबाला टेकून बसली होती. घरून निघताना तिने पितांबरसाठी एक चिंचोका वाढवून पन्नास केले होते. एका नावाला एक, या मुठीतून त्या मुठीत. उन्ह ओट्यावर चढलं तेव्हा डावी मूठ जड झाली होती आणि उजवी रिकामी. तिने उजवी उघडून पाहिली. पदर झटकला. मांडीखाली चाचपलं.

"पितांबर तोताराम," कारकून म्हणाला. हे एकावन्नावं नाव होतं.

द्रौपदाबाईने मान वर केली. भटू आभाळात बघत होता. आभाळात काही नव्हतं.

"हजर," पितांबर म्हणाला आणि पुढे आला. पांढरा शर्ट, पायात बूट. घोळक्यात खसखस पिकली.

"थांबा साहेब." देवचंद नाना मागून पुढे आला. त्याच्या मळ्यात हरभरा काढणीला आला होता आणि बाया सगळ्या इथे ओट्यावर. "हा गिरणीतला कामगार आहे. पगारदार. सगळ्या गावाला माहीत आहे. एक नाव खोटं म्हणजे यादी खोटी. सरकारने मजुरीची अशी खैरात मांडली तर शेती कोणी करायची?"

हसणं थांबलं. बायांनी द्रौपदाबाईकडे पाहिलं. तिची मूठ घट्ट होती.

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "काय हो? नोकरीला आहात?"

पितांबरने एकदा भटूकडे पाहिलं.

"नाही."

"गिरणीत नव्हता?"

"होतो. दिवाळीच्या आदल्या शुक्रवारपर्यंत. दुसरी पाळी संपवून बाहेर पडलो आणि मागे फाटक लागलं."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. काय वठवतोय, असं एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितलं.

"याला काही कागद?"

पितांबरचा हात शर्टाच्या आतल्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने एक प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीतून कागद. घड्यांवर तो फाटला होता आणि मागून भाताने चिकटवला होता. खाली जांभळा गोल शिक्का. घोळका माना उंचावून बघू लागला. तोंडावर पदर, उपरणी, हात आले, कारण सगळ्यांना शिक्का भटूच्या हातचा वाटला.

कारकुनाने कागद वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. पूर्वीच्याच घड्यांवर परत दुमडला आणि दोन्ही हातांनी पितांबरला दिला.

"ठीक आहे." त्याने खूण केली. "नाना, माणूस पात्र आहे. संख्या पुरी आहे. पंधरा दिवसांत नाल्यावर पाझर तलावाचं काम निघेल."

एसटीची धूळ बसायच्या आत लोक भटूवर तुटून पडले. कोणी पाठीत गुद्दा घातला, कोणी टोपी उडवली.

"शिक्का काय जमाडा रे भटू! साहेबले बी कळना नही!"

"जांभळा रंग कोठला?"

भटूने टोपी उचलून झटकली. गर्दीच्या कडेला पितांबर पिशवीची गाठ मारत होता. गाठ बसत नव्हती.

"टायरना रबर शे," भटू मोठ्याने म्हणाला. "चाकूवरी कोरना. रंग बायकोना कुंकूमा नीळ कालाईसन करा. आनि कागद चुलावर धरा, जुना दिसाले. दोन दिवस गयात मन्हा त्याच्यामा."

"आनि हाऊ पितांबर! काय बोलना! डोयामा पानी आनं रे मन्हा!"

"सीता झायेल शे तो," भटू म्हणाला.

सगळे हसले. पितांबरने मान वर करून भटूकडे पाहिलं. मग तोही हसला, पिशवी खिशात घातली आणि घराकडे गेला.

काम निघालं ते चौदाव्या दिवशी. नाल्याकाठी चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या आणि मुकादम फावडी, घमेली वाटत होता. भटू सकाळीच जाऊन बाभळीखाली पंप घेऊन बसला होता. चाळीस-पन्नास माणसं म्हणजे दहा-बारा सायकली, आणि बाभळीचा काटा काही सरकारचा नोकर नाही.

रांगेत शेवटी पितांबर उभा होता. शर्ट तोच, बाह्या कोपराच्या वर. पायात बूट नव्हते.

"तू कसाले उना रे?" पुढच्या गड्याने मागे वळून विचारलं. "नाटक तं सरनं."

"साहेब परत मोजाले उना तं?" पितांबर म्हणाला. "एक कमी नको पडाले." दिवाळीपासून तो गावात शहराची मराठी बोलत होता. आज गावची बोली तोंडात आली, गड्याच्या ते ध्यानात आलं नाही. त्याने मान डोलावली आणि पुढे सरकला.

रांग बाभळीपाशी आली तेव्हा पितांबर भटूकडे न बघता म्हणाला,

"कोट-टाय इसरी गयू."

"पुढला आठवडाले घाल," भटू म्हणाला आणि पंपाचा वॉशर तेलात बुडवला.

मुकादमाने पितांबरला फावडं दिलं. द्रौपदाबाईने त्याला जोडीला यशोदाबाईच दिली, त्याचीच बायको. ती चार महिने नानाच्या मळ्यात 'घरी बसून अंग दुखतं' म्हणून जात होती. दोघं चुन्याच्या रेघेवर गेली. त्याने माती ओढली, तिने घमेलं पुढे केलं.

द्रौपदाबाई गुडघ्यावर हात ठेवत बाभळीखाली आली. भटूसमोर उभी राहिली आणि तळहात पुढे केला.

"दे."

"काय?"

"मन्हा चिंचोका."

भटूने आजूबाजूला पाहिलं. मग सोल्युशनची डबी उघडली, तिच्यातून चिंचोका काढला, विजारीला पुसला आणि तिच्या हातावर ठेवला. त्याने तोंड उघडलं, पण द्रौपदाबाई तोवर वळली होती. चिंचोका पदरात बांधत ती ओरडली,

"ओ पितांबर! हात दुखी ऱ्हायना व्हई तं दम खाय. सवय नही शे तुले!"

आणि लगेच, बाकीच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने,

"रजावर शे ना तू!"