बोनटखालची नळी

प्रेरणानं मीटरच्या काचेवर बोटानं टकटक केलं. काटा अडकला नव्हता. कारधा सोडून पंधरा किलोमीटर झाले होते, मे महिन्याचं ऊन रणरणत होतं आणि जीप अजून तापली नव्हती!

"थंडी हाय! आपली गाडी थंडी हाय!" ती ओरडली.

"सीटवर नाचू नको वो. मले चालवू दे," नवरा भुपेंद्र म्हणाला, पण हसू त्यालाही आवरत नव्हतं.

जीपचा रेडिएटर छोटा पडायचा. दर खेपेला गाडी वाटेत उकळायची आणि मासे अड्याळच्या बाजारात सगळ्यांच्या मागून पोचायचे. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलेल्या प्रेरणानं भंगारातल्या एसीच्या तांब्याच्या नळ्या आणल्या आणि बोनटच्या पत्र्याला आतून डाग देऊन बसवल्या. इंजिनचं गरम पाणी आता पत्र्याखालून फिरायचं, आणि पत्र्यावरून वारा गेला की निवायचं. सासरे गोपीचंद तेव्हा म्हणाले होते, "बोनटनं कोठी इंजिन थंडं होते? आता एकदा उकळू दे, उद्याच भंगारात देतो." सुनेला गाडीतलं काय कळतं, हे त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. आज ते मागे बर्फातल्या माशांच्या पेट्यांपाशी तोंड फुगवून बसले होते.

पहेला गावाच्या पुढे भाताच्या तणसानं भरलेली ट्रॉली रस्त्यातच उलटली होती. जीप थांबली, त्यासरशी वाराही थांबला. काटा वर सरकू लागला.

"बंद करू का?" भुपेंद्रनं विचारलं.

"नोको! बंद केली तं आतल्या आत उकळते. पाणी फिरू द्या."

काटा लाल पट्ट्याला टेकला. दोन महिने रात्रंदिवस हेच एक डोक्यात होतं. प्रेरणाला रडूच कोसळणार होतं. तेवढ्यात गोपीचंद मागून उतरले आणि त्यांनी एक पेटी खांद्यावर घेतली. झालं, आता हे मासे घेऊन ऑटोनं जाणार, तिला वाटलं.

गोपीचंद बोनटपाशी आले. मासे त्यांनी भराभर बाजूला काढले आणि पेटीतला सगळा बर्फ पत्र्यावर ओतला. चर्रकन आवाज झाला, वाफ उठली.

"मामाजी, बर्फ! मासे सडतीन ना!" प्रेरणा खाली उडी मारून ओरडली.

"मासे मी पाहून घेतो. तू काटा पाह."

काटा थबकला. मग लाल पट्टा सोडून एक रेघ खाली आला. भुपेंद्रनं आनंदाच्या भरात हॉर्नच दाबून धरला आणि तणस उचलणारी माणसं दचकून बघू लागली.

गोपीचंद हाताला चटके बसत असतानाही वितळतं पाणी पत्र्यावर पसरवत होते.

"नळी कोठून कोठी जाते वो? नीट दाखव मले."

प्रेरणानं बोट फिरवून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं, आणि दुसरी पेटी आणायला वळले.