जीप आली आणि चमत्कार आटला

एल चोर्रोच्या झऱ्यावर सकाळी सहालाच रांग लागायची. आमच्या डोंगरात त्या वेळी अशी थंडी असते, की तोंडातून आधी वाफ निघते, मग शब्द. तरी म्हातारी माणसं घोंगड्या पांघरून, काठ्या टेकत तास-दीड तास चढून यायची. वर बेलिसारियो हात पसरून उभा.

"या, लेकरांनो! चाळीस दिवस, रोज एक पेला, इथेच प्यायचा. पेल्यागणिक पायात रक्ताची नवी वाट फुटेल! मेलेली शीर जागी होईल!"

सगळे त्याला ताइता म्हणत, म्हणजे बाप. माझा बाप बटाटे खणता खणता गेला. त्याने कुणाला पाणी पाजून दक्षिणा घेतली नाही.

माझी धाकटी बहीण एदुविखेस शंभर पावलं चालली की तिची पोटरी आवळायची, ओलं फडकं पिळावं तशी. थांबली की सुटायची. तीही रोज जाऊ लागली. पहिल्या दिवशी वीस ठिकाणी बसली. चाळीस दिवसांनी दोनदाच.

"बघ ताई! आता बोल!"

माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. त्या माणसाच्या बुटांना कधी चिखल कसा लागत नाही, एवढंच मी म्हटलं.

मग बेलिसारियोचं नाव झालं आणि त्याने जीप आणली. "देवाने लेकरांसाठी गाडी धाडली!" सगळे गाडीत. दारातून थेट झऱ्यावर, पेला प्यायचा, परत दारात. दोन-तीन महिन्यांत एकेकाचे पाय पुन्हा धरले. लोक कुरकुरले तेव्हा तो म्हणाला, "पाणी तेच आहे. ज्याच्या मनात पाप, त्याची शीर बंद."

एदुविखेसने ते खरं धरलं. खुर्चीत बसली ती बसलीच. पुढ्यातलं कढत गुळाचं पाणीसुद्धा तसंच गार होऊन जायचं.

"आई गेली तेव्हा मी पाद्रीबाबांना आणायला उशीर केला, ताई. तेच पाप आता माझ्यावर उलटलंय."

"अगं बये, त्या दिवशी पूल वाहून गेला होता!"

"मला पोहता येत होतं."

तेव्हा मी घाबरले. पाय दुखतो म्हणून माणूस मरत नाही, पण अशी बसली असती तर ती गेली असती. घोड्यावर घालून तिला दवाखान्यात नेली. नोओरा नावाची नर्स आहे तिथे, माझ्या नातीच्या वयाची. तिने पायाची नाडी बघितली आणि विचारलं, "आजी, आधी बरं होतं ना? मग मधे काय बदललं?"

"माझं पाप वर आलं," एदुविखेस म्हणाली.

"जीप आली," मी म्हणाले.

नोओरा हसली. "पायातली मोठी रक्तवाहिनी अरुंद झालीय. ती पाण्याने उघडत नाही. पण रोज दुखेपर्यंत चाललं, थांबलं, पुन्हा चाललं, की स्नायू रक्त मागतो. महिनोन्‌महिने मागत राहिला की त्याच्यात केसाहून बारीक नव्या वाहिन्या फुटतात, आणि मिळेल तेवढं रक्त तो नीट वापरायला शिकतो. बसून राहिलं की हळूहळू सगळं मागे जातं. गोळ्या देते, त्या सोडायच्या नाहीत. आणि चालायचं."

"आणि झऱ्याचं पाणी?"

"स्वच्छ आहे. तहान भागते."

दुसऱ्या दिवसापासून मी तिला दूधकेंद्रापर्यंत चालवायला लागले. झऱ्याच्या उलट दिशेला, मुद्दाम. तिने शिव्या दिल्या, मी परत दिल्या. दहाव्या आठवड्यात ती एकदाच थांबली. दगडावर बसली आणि म्हणाली, "ताई, मी पाणी प्याले नाही. पाद्रीबाबांपुढे पापाची कबुलीही दिली नाही. म्हणजे आईचं काही नव्हतं?"

"काही नव्हतं."

ती घोंगडीचं टोक डोळ्यांना लावून रडली. मग उठली. "चल. सुटली पोटरी."

बेलिसारियोची जीप अजून भरून जाते. मी दोन इयत्ता शिकलेली बाई, रस्त्यात उभी राहून सांगते, लोक हात हलवून पुढे जातात. सांगून सांगून घसा बसलाय. म्हणून लिहितेय. गुण आला की कशाने आला ते विचारा. गुण गेला की आधी काय बदललं ते बघा, लगेच स्वतःला पापी म्हणू नका. आणि पाय दुखत असेल तर दवाखान्यात जा, मग चाला. देवाचं नाव घ्यायचं तर चालता चालता घ्या.